यमक 'जुळला' नव्हे, 'जुळलं'

लातूरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: 'आधी पोटोबा, मग विठोबा' यात यमक आहे की अनुप्रास? आणि असल्या म्हणी एकदा ऐकल्या की डोक्यातून जात का नाहीत?

आधी एक कटकट मिटवतो. कविसंमेलनांचे सूत्रसंचालक हल्ली बेधडक 'काय यमक जुळलाय!' म्हणतात. ते गमक, ते रूपक, तसं ते यमक. 'तो यमक' ऐकला की दाताखाली खडा आल्यागत होतं.

आता शब्दाची खरी मौज. यमक आलं 'यम'वरून, पण रेड्यावर बसलेल्याला एवढ्यात बोलावू नका. यम म्हणजे मुळात जुळा. यमी ही त्याची जुळी बहीण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दोघांचा संवादच आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कांनी 'निरुक्त' या आपल्या ग्रंथात यम हे नाव यम् धातूवरून लावलं आणि ती री अजून ओढली जाते. यास्क थोरच, पण शेजारी सख्खी जुळी बहीण उभी असताना धातू कशाला उकरायचा?

याच यमाचा भाऊबंद 'यमल', म्हणजे जोडीतला. आरंभीचा य मराठीत ज होतो, जसं यंत्राचं जातं झालं. मधला म नाकात जाऊन व होतो, जसं ग्रामाचं गाव, नामाचं नाव. यमलाचं झालं जांवळं. आमच्या मराठवाड्यात जुन्या बाया एकमेकाला चिकटलेलं केळं पाहिलं की 'जावळं हाय, ठेव खाली' म्हणून ते सुनेच्या हातातून काढून घेतात, जावळी लेकरं होतील म्हणून. ते केळं आणि कवितेतलं यमक एकाच कुळातलं! भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. म्हणजे या जावळ्याचा मान केवढा जुना बघा.

आता पोटोबाकडे. स्पर्धा परीक्षांची गाइडं सांगतात, तीच अक्षरं वेगळ्या अर्थानं आली की यमक. आणि लगेच खाली उदाहरण देतात ज्ञानी-समाधानीचं! त्यातल्या 'नी'ला स्वतःचा अर्थ कुठला? व्याख्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या वळणाची, उदाहरण भलतंच. मम्मटाचं म्हणणं, अक्षरगटाला अर्थ असलाच तर तो निराळा हवा. 'घोड्यावर वर' (दुसरा वर म्हणजे नवरदेव) हे त्या जातीचं यमक. नुसता शेवट सारखा आला तर तो 'साहित्यदर्पण' हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या विश्वनाथांचा अंत्यानुप्रास. मराठीनं मात्र त्यालाच यमक म्हणायचं ठरवलं आणि ते आता रुळलंय. त्यावरून वाद घालण्यात मला रस नाही.

मला रस आहे तो 'पोटोबा'त. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या मागे आदराचा, वडीलकीचा 'बा' आहे. पोटाला तो कुणी दिला? यमकानं! विठोबाशी जोडी लावायची म्हणून पोटाचा देव झाला, आणि देव झाला तर त्याचा नैवेद्य आधी का नको, हा युक्तिवाद त्या एका अक्षरात उरकला. माझं तर मत असं की म्हणीतलं यमक हे नुसतं सजावटीचं काम नाही, तोच तिचा पुरावा असतो. 'आधी जेवण, मग दर्शन' म्हणून बघा, कुणीही उलटून बोलेल. 2000 साली मॅकग्लोन आणि तोफिघबख्श या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी वचनांवर हेच तपासलं: यमक असलेलं वचन लोकांना जास्त खरं वाटलं, तोच अर्थ यमक मोडून सांगितला तर कमी. 'गरज सरो, वैद्य मरो' यातला कृतघ्नपणासुद्धा त्यामुळेच न्यायनिवाड्यासारखा ऐकू येतो. 'रात्र थोडी, सोंगं फार'ला यमक नाही, तरी ती टिकलीय. तिथं थोडी आणि फार यांची ओढाताण आहे, ते प्रकरण वेगळं.

आणि बाई, पोरांना पेपरात 'यमक' लिहायला सांगा. 'अंत्यानुप्रास' लिहिलं तर तपासणारा गुण कापेल.