पोरगा ट्रम्पेट वाजवतो, पोट भरेल का?

मी करिअर समुपदेशन करते. बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या आईबापांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "वाजवण्यात पोट भरतं का?" तबला किंवा गिटार असेल तर विचारणारा आवाज जरा मवाळ असतो. ट्रम्पेट असेल तर नसतो, कारण आपल्याकडे ट्रम्पेट म्हटलं की आधी वरात आठवते.

असंच एक कुटुंब उत्तर नागपुरातलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील कळमना मार्केटात अडत्याकडे दिवाणजी, आई घरी शिवणकाम करते, मुलगा बारावी कॉमर्स झालेला. मामाची बँड पार्टी आहे. सुट्टीत मामासोबत जाता जाता हा ट्रम्पेट शिकला आणि आता लग्नसराईत त्याच्यावाचून पार्टीचं अडतं. त्याला बी.कॉम. नको होतं, 'प्रोफेशनल म्युझिशियन' व्हायचं होतं. वडिलांनी बसता बसताच सुरुवात केली, "मॅडम, हा पोट्टा काही ऐकून नाही राहिला. तुम्हीच सांगा त्याले, सोड म्हनून."

मी मुलाला बाहेर बसवलं आणि वडिलांना विचारलं, नेमकी भीती कशाची? आधी हिशेब निघाला. सीझनमध्ये बरे पैसे येतात, चातुर्मासात पार्टीतली पोरं रंगकामाला जातात. हिशेब बरोबरच होता. मग थोडं थांबून म्हणाले, "लग्नात सगळे जेवाले बसतात. बँडवाले मंडपाच्या मांगं, जनरेटरपाशी. साळ्याले तसं उभं पाह्यलं हाय म्या. पोराले नाही पाहू शकत." आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, "मंग काय त्याले दिवाणजी करता?"

या दोन भीती वेगळ्या आहेत. पैशाच्या भीतीला माहितीचं उत्तर असतं, लाजेला नसतं. दोन्हींची गुंतवळ झाली की कुठलीही वाट दाखवा, 'ते ठीक आहे, पण...' सुरू होतं. म्हणून मी वडिलांना स्पष्ट सांगितलं, लाजेचं आपण नंतर बोलू. आधी कामं कोणती आहेत ते बघू.

मुलगा आत आला. शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला माउथपीस काढून टेबलावर ठेवला. वरच्या ओठावर गोल वळ, मधोमध चीर. रियाज किती करतोस म्हटलं, तर उत्तर आलं, "सीझनमध्ये रोज वाजवतोच ना." मोठा वादक होणार म्हणजे नक्की काय करणार, याला उत्तर होतं "मुंबईत स्टुडिओ". त्याला कामठीच्या एका निवृत्त बँडमास्तरांकडे पाठवलं. कामठीत लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

त्यांनी त्याचं एक गाणं पुरतं ऐकून घेतलं. मग स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीचा, एक सोपा कागद समोर धरला. पोरगा गप्प. एकदा ऐकलेलं काहीही वाजवणाऱ्याला चार ओळी वाचता येईनात. ट्रम्पेटवर एकही व्हॉल्व (बोटाने दाबायची कळ) न दाबता निघतो तो 'सा' पेटीवरच्या काळी पाचचा असतो, हेही त्याला ठाऊक नव्हतं. बोटांना मात्र सगळं पाठ. मास्तरांचा निकाल मला फोनवर मिळाला : "कान चांगला आहे. वाचन शून्य. आणि ओठ मारून टाकतोय."

ओठाचं जरा सांगते, कारण पालकांना ते माहीत नसतं. ट्रम्पेटचा आवाज माउथपीसमध्ये थरथरणाऱ्या ओठांतून येतो. दमल्यावर वरचे सूर काढायला वादक माउथपीस ओठावर दाबतो, रक्तपुरवठा अडतो, ओठ आणखी दमतो. वरातीत तासन्‌तास हेच चालतं. मास्तरांनी त्याला सकाळी मंद, लांब सूर धरायला लावले आणि जितकं वाजवशील तितकीच विश्रांती घे म्हणाले. मला वाटतं, या धंद्यात किती दिवस टिकणार हे हुन्नरापेक्षा अशा कंटाळवाण्या गोष्टींवर जास्त ठरतं.

आता कामं. हवाई दल आणि नौदल अग्निपथ योजनेत वादक घेतात. वय साधारण 17½ ते 21, नोकरी 4 वर्षांची आणि पुढे जास्तीत जास्त 25 टक्के कायम, हे वडिलांना अगदी सरळ सांगितलं. राज्याच्या पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात. लष्कराचे वादक घडतात ते पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये. शाळांना बँड शिकवणारा लागतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा भारतात देता येतात. ग्रेड म्हणजे नोकरी नव्हे, पण वाचन पक्कं होतं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा (मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद) 2006 पासून आहे, तिथे मात्र परदेशात शिकलेल्यांशी गाठ. स्टुडिओचं स्वप्न मी थोडं उतरवलं : गाण्यांतला ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा आवाज, आता बऱ्याचदा कीबोर्डमधूनच येतो.

वडिलांना वेगळी गोष्ट सांगितली. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी 1951 च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला आणि त्याच्या बँडला थेट पडद्यावर आणलं. "तो बँड अलबेल्यातला?" म्हणून वडील खुर्चीत पुढे सरकले. लाज गेली नाही, पण त्या दिवसापासून पोराच्या वाद्याला 'ते पिपाणं' म्हणणं बंद झालं.

शेवटी तिघांनी एका कागदावर सह्या केल्या. ठरलेली मुदत दोन वर्षं. बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा. आठवड्यातून दोनदा मास्तर. लग्नं निवडक. वर्षअखेरीला पाचव्या ग्रेडचं वाचन जमलं नाही तर पुन्हा बसून बोलायचं. ट्रम्पेट स्वतःचा हवा, कारण मामाच्या ट्रम्पेटचा दुसरा व्हॉल्व अडकायचा. मेरठच्या जली कोठीचा, म्हणजे तिथल्या बँडच्या वाद्यांच्या बाजाराचा, माल मास्तरांनी नको म्हटला, सुरात डळमळतो म्हणून. ते त्यांचं मत. आईने भिशीचे पैसे काढले आणि मुंबईहून एक वापरलेला, बऱ्या कंपनीचा आला.

'एक वर्ष देऊन बघतो, नाही जमलं तर सोडेल' असं म्हणणारे पालक मला भेटतात. नुसतं वर्ष देऊन काही कळत नाही. त्या वर्षात काय जमायला हवं ते कुणा जाणकाराने आधी लिहून द्यायला हवं, आणि तो जाणकार घरचा नसावा.

मुलगा आता वाचतो. शनिवारी एका शाळेच्या बँडला शिकवतो, त्यात पेट्रोल आणि फीचं भागतं. हवाई दलाच्या भरतीत वाद्याच्या चाचणीत पास झाला आणि धावण्यात अडकला, 1.6 किलोमीटर 7 मिनिटांत धावायचं असतं, त्याला काही सेकंद जास्त लागले. वय शिल्लक आहे. परवा वडिलांचा फोन आला. मला वाटलं, आता म्हणतील सोडवा. म्हणाले, "मॅडम, सकाळी पळाले शिकवनारा कोनी मास्तर हाय का तुमच्या वळखीत?"