आधी चकल्या, मग करंज्या
वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. वजन वाढेना, सारखं पोट दुखायचं, हिमोग्लोबिन वर येईना. तपासण्या केल्या तेव्हा सिलिॲक, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होण्याचा आजार, निघाला. गहू पूर्ण बंद केला आणि वर्षभरात तब्येत छान सुधारली. आम्ही मिरजेला राहतो, दिवाळीला कराडला सासरी जातो. दीर-जावा, नणंदा, त्यांची मुलं धरून घरात पंधरा-सोळा माणसं असतात. गेल्या दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, ‘वर्षाचा सण, एक करंजी खाल्ली तर काय होतंय? लेकराच्या तोंडचा घास काढू नये.’ मी सगळे दिवस तिच्या मागे मागे फिरले आणि भाऊबीजेला तिने रडून घर डोक्यावर घेतलं. यंदा जाऊच नये असं वाटतंय. नवरा म्हणतो, आई दुखावेल. काय करू?
— एक आई, मिरज

उत्तर : जरूर जा. गेला नाहीत तर आपल्या दुखण्यापायी घरची दिवाळी बुडाली, एवढंच तिच्या मनात राहील आणि ते ओझं आठ वर्षांच्या पोरीवर नको. पण गेल्या वर्षीसारखं तिच्या मागे फिरणंही नको. तुमची ओढाताण झाली, कारण प्रत्येक गोष्ट ताट पुढ्यात आल्यावर, चारचौघांत, तुम्हाला एकटीला ठरवावी लागली. हे सगळं फराळाला हात घालण्याआधी ठरलं पाहिजे आणि ठरवताना सासूबाई सोबत हव्यात.

माझ्या धाकट्या भावालाही सिलिॲक आहे. पुढचं बरंचसं आमच्या घरच्या ओट्यावरच ठरत गेलेलं आहे.

आधी फराळाकडे नीट बघा. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे. शेव आणि बेसनलाडू हरभऱ्याचे. चिवडा पोह्यांचा. अनारसे तांदूळ-गुळाचे. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्ताशांत गहू नाही, धनत्रयोदशीच्या धणे-गुळात नाही. गहू असतो तो करंजी, शंकरपाळी, चिरोटे आणि रव्याचे लाडू यांत. म्हणजे आपला अर्ध्याहून जास्त फराळ मुळातच तिला चालणारा आहे. तो बिघडतो तो एकाच कढईमुळे, एकाच चाळणीमुळे आणि गिरणीमुळे.

म्हणून आमच्या आईचा नियम आहे : आधी चकल्या, मग करंज्या. पहिल्या दिवशी नव्या तेलात चकल्या, शेव, अनारसे. भाजायचं आणि लाडू वळायचं कामही त्याच दिवशी. ते सगळं गार झालं की डबे भरून, झाकणं घट्ट लावून, स्वयंपाकघराबाहेर. त्यानंतरच मैदा आणि रवा कपाटातून बाहेर येतो. शंकरपाळ्या तळलेल्या तेलात नंतर चकली तळली की ती चकली गेलीच. मैदा चाळताना हवेत उडालेलं पीठ बराच वेळ खाली बसत राहतं, त्यामुळे एकाच दुपारी ओट्याच्या एका बाजूला चकल्या आणि दुसऱ्या बाजूला करंज्या, हे अजिबात नको. तळल्याने किंवा भाजल्याने ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं तिला बाधणारं प्रथिन, नाहीसं होत नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

दळणाची गोष्ट सगळ्यात अवघड. गिरणीत आधीच्या माणसाचा गहू दळलेला असतो आणि तो तुमच्या भाजणीत उतरतो. ज्या घरघंटीत कधीच गहू गेलेला नाही अशी एखादी ओळखीत असेल तर उत्तम. नसेल तर भाजणी थोडी थोडी मिक्सरवर काढा आणि नव्या चाळणीने चाळा. दमवणारं काम आहे, पण एका मुलीपुरती अर्धा किलो भाजणी पुष्कळ होते. बेसनलाडवासाठी डाळ भाजून मिक्सरवर काढली तर लाडू उलट छान रवाळ होतो. अनारशाचे तांदूळ भिजवून, सुकवून बऱ्याच घरांत मिक्सरवरच काढतात. पोहे, डाळं, शेंगदाणे सुटे घेऊ नका, बंद पाकिटातले घ्या. दुकानात सगळ्या पोत्यांत एकच माप फिरतं.

आणि हिंग! इथे फार जण चुकतात. बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्या. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, त्याची एक डबी मिरजेहून सोबत न्या. घरचं लोणचं आणि मेतकूट तिला देण्याआधी विचारा. मेतकुटात गहू भाजून घालायची पद्धत आहे. तुमच्या सांगली-सातारा भागात खपली गव्हाचं कौतुक फार. कुणीतरी प्रेमाने म्हणेलच, ‘हा जुना देशी गहू आहे, हा चालतो.’ खपलीतही ग्लुटेन असतं, तो चालत नाही.

आता ‘एक करंजी’. एका करंजीच्या पारीला साधारण दहा-पंधरा ग्रॅम मैदा लागतो, त्यात ग्लुटेन भरतं एक ग्रॅमच्या आसपास. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सोसतं. रोज 50 मिलिग्रॅम जात राहिलं तर आतड्याला इजा होते. करंजीचा चुरा लागलेली चकली का नको, ते या आकड्यांवरून कळेल. शिवाय खाल्ल्यावर लगेच पोट दुखेलच असं नाही. पुष्कळ मुलांना वरून काहीच जाणवत नाही आणि आत लहान आतड्याचं अस्तर झिजत असतं. ‘बघ, काही झालं नाही’ यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

सासूबाईंना आकडे पटतीलच असं नाही. त्यांना गोष्ट सांगा, खरी आहे. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे मोठा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. माणसं भुकेली होती, पण सिलिॲकची मुलं मात्र सुधारू लागली, आणि पाव पुन्हा आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता. तो पुढे 1950 मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात मांडला. आजही या आजारावर औषध नाही, गहू, जव आणि राय ही धान्यं आयुष्यभर बंद ठेवणं हाच उपचार. नातीला तुम्ही काही नाकारत नाही, तिला तिचं औषध वेळेवर देताय, हे आजीला या गोष्टीतून समजेल.

मात्र हा फोन तुमच्या यजमानांनी करायचा. आई त्यांची आहे. सुनेने सांगितलं की तो सुनेचा नखरा ठरतो. मुलाने सांगितलं की डॉक्टरांचा सल्ला ठरतो. हे बरं नाही, पण अजून असंच आहे, आणि लेकीसाठी त्यांनी एवढं करायलाच हवं. दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी फोन करावा आणि बंदीपासून सुरुवात करू नये. ‘आई, यंदा तिचे अनारसे तू कर, तुझ्यासारखी जाळी कुणाला पडत नाही’, इथून सुरू करावं. नातीला काय द्यायचं नाही हे ऐकण्यापेक्षा तिच्यासाठी काय करायचं हे ऐकलेली आजी वेगळीच असते. आमच्याकडे भावाच्या डब्यांवर आता आईचाच पहारा असतो, आम्हाला बघावंही लागत नाही.

सोबत एक पिशवी न्या : नवी चाळणी, छोटी कढई, झारा, भाकरीचा तवा, हिंग. कराडच्या घरातला पोळ्यांचा तवा आणि लाकडी पोळपाट-लाटणं तिच्यासाठी वापरू नका, लाकडात पीठ मुरलेलं असतं. जेवणात तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, तिच्या चालणाऱ्या पिठाची आणि तिच्या तव्यावरची. वरण-भात सगळ्यांचा एकच, फक्त फोडणीत तुमचा हिंग पडू दे.

करंजीची नक्कल करायच्या फंदात यंदा पडू नका. तांदळाच्या पिठाची करंजी तळताना फुटते आणि रात्री अकरा वाजता तुम्ही ओट्यापाशी रडवेल्या होऊन उभ्या राहता. फारच आवडत असेल तर मोदकासारखी उकड काढून, तेच सारण भरून, वाफवलेली करंजी करा. ती बाकीची मुलंही मागतील.

मुलीशी निघण्याआधी बोला. तिचा डबा वेगळ्या रंगाचा, झाकणावर तिचं नाव, आणि तो तिच्याच ताब्यात. पाहुण्यांसाठी ताटल्या भरण्याआधी तिचा फराळ डब्यात गेलेला असावा. एकदा करंजीशेजारी बसलेली चकली मग तिची नाही. कुणी काही दिलं तर ‘आजीला विचारून घेते’ एवढं वाक्य तिला पाठ असू दे. यमदीपाची कणीक मळायला मुलांना आवडतं. तिलाही मळू द्या, पण लगेच साबणाने हात धुवायचे. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भाऊ जो घास भरवतो तो बेसनलाडवाचा, तिच्या डब्यातला. हे चुलतभावांना आदल्या दिवशी सांगा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

आणि कराडला पोचल्यावर एक संध्याकाळ तिला आजीजवळ सोडून तुम्ही दोघं कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरून या. डबे भरलेले असतील, आजीला सगळं ठाऊक असेल.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो, मलाही सिलिॲक आहे. घरोघरी सत्यनारायण असतो, लग्नं असतात. प्रसादाचा शिरा नाकारला की यजमानांचं तोंड उतरतं. काय म्हणावं?
— एक विद्यार्थी

उत्तर : प्रसाद हातात घ्या, कपाळाला लावा आणि शेजारच्याला द्या, मग हात धुवा. रव्याच्या शिऱ्यात तुमच्यासाठी ‘चमचाभर’ असं काही नसतं. तीर्थ, पंचामृत, केळं घ्या. तोही प्रसादच आहे. जवळचं घर असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘काकू, माझ्यासाठी एक केळं नैवेद्यात ठेवाल का?’ कोणतीही काकू नाही म्हणणार नाही, उलट दोन ठेवील.

लग्नाला घरून भाकरी-भाजी खाऊन जा, म्हणजे भुकेपोटी तडजोड होत नाही. पंगत असेल तर साधा भात, तूप, दही, फळं यांवर भागवा. वरणात आणि मसालेभातात हिंग कोणता आहे हे आचाऱ्यालाही सहसा माहीत नसतं, तेव्हा ते सोडा. बुफेत डाव एका भांड्यातून दुसऱ्यात जातात, त्यामुळे जेवण सुरू होताच, भांड्यांना हात लागण्याआधी वाढून घ्या. कुणी आग्रह करू लागलं तर आजाराचं नाव सांगत बसू नका, ‘मला गव्हाने त्रास होतो, डॉक्टरांनी बंद केलाय’ एवढं पुरतं. रुममेटला मात्र सगळं नीट सांगून ठेवा. आग्रहाच्या वेळी तुमच्या वतीने दुसरं कुणी बोललं की यजमानही पटकन ऐकतात.