गोवंडीत टीबीचं काम सुरू करतेयस, तर…

पहिले काही दिवस रजिस्टर बाजूला ठेव, नुसती गल्ल्यांतून फिर. नळाचं पाणी भरून झालं की बायका जरा मोकळ्या असतात, तेव्हा जा. दारात उभी राहून मोठ्याने ‘टीबी’ म्हणू नकोस. भिंती पत्र्याच्या, शेजारीण ऐकते. घरात लग्नाची मुलगी असेल तर ते दार पुन्हा उघडत नाही.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. खरी गळती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात: खोकला थांबतो, वजन वाढतं, मग गोळ्या कशाला? तेव्हाच जास्त चकरा मार. पेशंट गावी निघाला तर आधी कळवायला सांग. निक्षयवरची (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली) नोंद तिकडच्या सरकारी केंद्राकडे वळवता येते.

पोषणाचे महिना १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) खात्यात येतात, पण आधार जोडलेलं नसेल तर अडकतात. ते जोडायला पेशंटसोबत बँकेत रांग लावावी लागते, आणि या रांगेला अहवालात रकाना नाही, हे आत्ताच सांगून ठेवते!

आरोग्यसेविकांशी स्पर्धा नको, वस्ती त्यांना पाठ असते. आणि पेशंटच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याची तपासणी लगेच करून घे. आजार नसला तरी प्रतिबंधक औषध देतात. घरचे मागत नाहीत, तूच मागायचं.