सुटतो आणि परत आत जातो

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ तिसऱ्यांदा तुरुंगात आहे, चोरीची केस. डॉक्टरांनी बायपोलर (मन कधी अति उत्साहात, कधी अति उदास होण्याचा आजार) सांगितलंय आणि त्यात हेरॉइनचं व्यसन. आत असतो तेव्हा बरा असतो, बाहेर आला की परत तेच. पुढच्या महिन्यात सुटतोय, आई म्हणते घरात पाऊल ठेवू देणार नाही. हा कधी सुधारणारच नाही का?

उत्तर : आई थकलीय, तिला बोल लावू नका. पण सुधारणारच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ७९ हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००९ साली छापून आला, त्यात असं दिसलं की बायपोलर असलेले कैदी आधी चार किंवा जास्त वेळा आत जाऊन आलेले असण्याची शक्यता गंभीर मानसिक आजार नसलेल्यांपेक्षा ३.३ पट होती. म्हणजे हा नुसता स्वभावाचा किंवा संस्काराचा प्रश्न नाहीये हो.

आत रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी गोळी हातावर ठेवतं. सुटताना मात्र बरेचदा दोन-चार दिवसांच्याच गोळ्या मिळतात, कधी त्याही नाही, आणि पुढची अपॉइंटमेंट महिन्याभरानंतरची, मग गोळ्या संपतात, झोप उडते, डोकं सुसाट पळायला लागतं, ते शांत करायला हेरॉइन, हेरॉइनला पैसे लागतात आणि पैशासाठी परत चोरी. त्यात व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी मानसोपचार घ्या, तिकडचे डॉक्टर म्हणतात आधी नशा सोडा, याचा मला फार राग येतो, कारण दोन्ही उपचार एकत्रच चालायला हवेत.

आणि एक गोष्ट आईलाही वाचून दाखवा. आत असताना नशा सुटली की शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन जुनाच डोस घेतला तर श्वासच थांबू शकतो. अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या २००७ च्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट निघाला. १२९! म्हणून आत्ताच तुरुंगातल्या डॉक्टरांना भेटा, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनची ओढ कमी करणारी औषधं) सुरू करता येईल का आणि बाहेर ते चालू कोण ठेवणार हे विचारा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यानं २०१६ पासून तुरुंगातच ही औषधं द्यायला सुरुवात केली आणि सुटून आलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात निम्म्याहून कमी झाले.

सुटकेच्या दिवशी बायपोलरच्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन हातात हवं, डॉक्टरची तारीख त्याच आठवड्यातली हवी, आणि गेटवर घ्यायला तुम्ही स्वतः जा, जुने मित्र तिथे आधी पोचायला नकोत. नॅलोक्सोनचा, म्हणजे हेरॉइनच्या ओव्हरडोसवर उतारा असलेल्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे मिळत असेल तर आणून ठेवा, कसा वापरायचा ते शिकून घ्या. आईला घरात नकोच असेल तर तेही चालेल, जबरदस्ती करू नका, फक्त तो राहणार कुठे हे सुटायच्या आधी ठरवा आणि त्यालाही आधीच सांगा.