चिडचिड, रडू आणि अपुरी झोप

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून ऐरोलीहून लोकलने ठाण्याला नोकरीला जाते. हल्ली झोप मोडते, क्षुल्लक कारणावरून मी मुलांवर खेकसते आणि नंतर रडू येते. असे का होते?

उत्तर : रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची (हार्मोनची) पातळी वरखाली होते आणि त्यात अपुऱ्या झोपेची व गर्दीतल्या प्रवासाची भर पडली, की मन पटकन बिथरते, हा तुमच्या स्वभावाचा दोष मुळीच नाही. थायरॉईडच्या विकारात आणि रक्तक्षयातही अशीच लक्षणे दिसत असल्यामुळे रक्ततपासणी आधी करून घ्या. पाळीची तारीख, झोपेचे तास आणि चिडचिडीची वेळ महिनाभर वहीत टिपून ती स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुपारनंतर चहा टाळा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.