गाडी आली की दिवा लागावा, कुत्रं आलं की नको!

प्रश्न: नमस्कार सर, आमचं घर कणकवलीजवळ, गेटपासून पोर्चपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत. रात्री गाडी आत आली की दिवा लागावा म्हणून मोशन सेन्सर लावला, पण तो कुत्रं, मांजर, केळीचं पान काहीही हललं की पेटतो. टोलनाक्यावर रस्त्यात वायर पुरतात तसं घरी जमेल का? खाली सगळा जांभा आहे, त्यातल्या लोखंडाने घोळ होईल का? आणि स्कूटर पकडेल का? अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) थोडंफार येतं.

उत्तर: जमेल की, आणि तुमचे पेव्हर आहेत म्हणजे कटरने रस्ता कापायची कटकटही नाही. जांभ्याची काळजी सोडा, त्यातलं लोखंड म्हणजे गंज, त्यातून वीज वाहत नाही आणि तो जागचा हलतही नाही. लूपला, म्हणजे पुरलेल्या वायरच्या वेढ्यांना, गाडीचं वजन कळत नाही, लोहचुंबकाचाही काही संबंध नाही, वर धातूचा पत्रा आला की त्यात भोवरा प्रवाह (पत्र्यातल्या पत्र्यात गोल फिरणारी वीज) फिरतात, लूपचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करायचा गुण) कमी होतं आणि लूपला जोडलेल्या ऑसिलेटरची (वीज सतत पुढे-मागे झुलवणाऱ्या सर्किटची) फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारे झोके, वाढते, बस एवढंच. ॲल्युमिनियमही चालतं, कुत्रं दिसतच नाही.

२ मीटर बाय १ मीटरचा चौकोन, दीड स्क्वेअर एमएमच्या मल्टिस्ट्रँड वायरचे ४ वेढे, साधारण १०० मायक्रोहेन्री इंडक्टन्स मिळतं. एका ट्रान्झिस्टरचा कोलपिट्स ऑसिलेटर (एक कॉइल आणि दोन कपॅसिटरवर चालणारा प्रकार) करा, कॉइल म्हणजे आपला लूप, ०.२२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या आसपास येईल. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, स्वस्तातले सिरॅमिक उन्हात इतके सरकतात की दुपारी रिकाम्या रस्त्यावर गाडी दिसायला लागते.

पण खरं सांगू का, सर्किट एका संध्याकाळी होतं, लोक फसतात ते वायर पुरण्यात. चारही वेढे एकत्र घट्ट बांधा, वाळूत नुसते टाकू नका, मॉर्टरमध्ये पक्के बसवा, कारण चाकाखाली वायर जराशी जरी हलली तरी खोटा सिग्नल येतो. लूपपासून बॉक्सपर्यंतच्या दोन वायरींना दर मीटरला १५-२० पीळ द्या आणि जमिनीखाली जॉइंट अजिबात नको, कोकणातला पाऊस तो शोधून काढतोच. लोखंडी गेटपासून मीटरभर लांब राहा, नाहीतर गेट उघडलं तरी दिवा लागेल.

अर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये ऑसिलेटरकडून ०.१ सेकंदात किती पल्स (झोके) आले ते मोजा, लूप रिकामा असताना ४८०० च्या आसपास येतील, कार आली की साधारण एखाद टक्का वाढतात, ते सहज कळतं. स्कूटरला मात्र दोन-चारच पल्सचा फरक पडतो, त्यासाठी मोजणी अर्ध्या सेकंदाची करा, आणि तरी ती चौकोनाच्या मधून गेली तर निसटेल, लांब बाजूच्या वायरवरून गेली तर पकडेल. रिकाम्या लूपचा आकडा ऊन-पावसाने हळूहळू सरकतो, म्हणून हा आकडा, म्हणजे बेसलाइन, सावकाश अपडेट करत राहा पण गाडी उभी असताना ती गोठवा, नाहीतर पाहुण्यांची गाडी थोडा वेळ थांबली की प्रोग्राम तिलाच रिकामा रस्ता समजतो.

उद्या याच लूपवर गेटची मोटर जोडायचा मोह होईल, तेव्हा एवढं बघा की कुत्र्यासारखंच लहान मूलही याला दिसत नाही. गेट आपोआप बंद होणार असेल तर दोन्ही खांबांवर फोटोसेन्सर हवाच.