थोटुक, जर्दा आणि चुन्याची ट्यूब : रांगत्या मुलांच्या घरातले प्रश्न

प्रश्न : सव्वा वर्षाच्या नातवाच्या तोंडात सिगारेटचं थोटुक सापडलं. घाबरून आम्ही घशात बोटं घालून उलटी काढली, वर कपभर दूध पाजलं. थोड्या वेळानं तो गाढ झोपला, उठल्यावर ठीक होता. आमचं काही चुकलं का?
– एक आजी, सिन्नर

उत्तर : आजी, नातू ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण उलटी काढायला नको होती, दूधही नको होतं. आणि तो झोपला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, जपायला हवं होतं ते नेमकं तेव्हाच.

सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात एका सिगारेटमधून साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटीन जातं. विझवलेल्या थोटकात मात्र ५ ते ७ मिलिग्रॅम उरलेलं असू शकतं, आणि ते चघळणारं मूल असतं जेमतेम दहा किलोचं. बहुतेक मुलं आपणहून ओकतात आणि त्यानंच वाचतात. पोटातल्या आम्लात निकोटीन सावकाश शोषलं जातं, तोवर बरंचसं बाहेर पडतं. म्हणून अशा वेळी अ‍ॅसिडिटीचं औषध किंवा खायचा सोडा मुळीच देऊ नका. आम्ल कमी झालं की शोषण वाढतं.

मुद्दाम काढलेल्या उलटीची गोष्ट वेगळी. बोटानं थोटुक आणखी आत सरकतं, आणि मूल गुंगीत असेल किंवा त्याला झटका आला तर ओक श्वासनळीत जाते. त्याऐवजी तोंडात दिसतील ते तुकडे अलगद काढा. ओल्या फडक्यानं हिरड्या, गालांची आतली बाजू आणि जिभेखालची जागा पुसून घ्या. किती वाजले ते बघून ठेवा. उरलेलं थोटुक किंवा पुडी टाकून देऊ नका, दवाखान्यात न्या; किती पोटात गेलं याचा अंदाज डॉक्टर त्यावरूनच बांधतात.

आता झोपेबद्दल. निकोटीनचं विष दोन टप्प्यांत चढतं. आधी लाळ गळते, मूल पांढरं पडतं, घामेजतं, किरकिरतं, ओकतं, नाडी धावते. हे बहुधा तासाभरात दिसतं. जास्त पोटात गेलं असेल तर पुढे उलटं होतं : अंग सैल पडतं, नाडी आणि श्वास मंदावतात, मूल पेंगतं. घरातल्यांना वाटतं, ओकून दमलं, झोपलं बिचारं. तसं सोडू नका. त्याला उठवा. मान धरतंय का, तुमचं बोट घट्ट पकडतंय का, हे पाहा. पूर्ण मिनिटभर पोटाची हालचाल मोजा. ते नीट जागं होत नसेल, झटके येत असतील किंवा श्वास मिनिटाला २० च्या खाली असेल तर लगेच १०८ ला फोन.

अख्खी सिगारेट किंवा तीन थोटकं गेली असतील तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. तंबाखू, खर्रा, मावा गिळला असेल तर किती ते मोजत बसू नका, सरळ निघा. निकोटीनवर उतारा नाही. रुग्णालयात श्वास सांभाळतात, झटके थांबवतात आणि काही तास नजरेखाली ठेवतात. तेवढ्यात शरीर ते स्वतःच निकालात काढतं. काय करावं सुचत नसेल तर दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक आहे.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. दहा महिन्यांची मुलगी शेजारीच असते. जर्द्याच्या वासानं तिला काही होईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, वासापेक्षा मुठीची काळजी करा. सूप तुमच्या मांडीवर आणि मुलगी हाताच्या अंतरावर, म्हणजे मूठभर जर्दा तोंडात जायला क्षणही पुरतो. ती जागी असताना काम उंच ओट्यावर किंवा दाराला फळी लावून करा. उठताना सूप खाली ठेवू नका. कोरडा झाडू भुगा उडवतो, जमीन ओल्या फडक्यानं पुसा. निकोटीन त्वचेतूनही आत जातं, ओल्या हातांतून तर लवकर. त्यामुळे अंगावर पाजण्याआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवा आणि कामाची साडी बदला. जर्द्याचा रिकामा डबा खुळखुळा म्हणून देऊ नका. कडेच्या खाचेत भुगा राहतो.

प्रश्न : सासऱ्यांच्या चंचीत तंबाखू आणि चुन्याची ट्यूब असते. मुलाचा दात दुखला की सासूबाई मशेरी लावायला सांगतात. चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मशेरी नकोच. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि हिरडीतून निकोटीन थेट रक्तात उतरतं. मळलेली तंबाखू त्याहून वाईट. चुन्यातल्या अल्कामुळे (आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य) निकोटीन मोकळं होतं आणि पोटात जाण्याआधी तोंडातच शोषलं जातं. माणूस चुना लावतो तो त्याचसाठी.

ट्यूबचा धोका डोळ्याला. मूल ती दाबतं, टोक बंद असलं की ती फुटते आणि चुना बुबुळावर बसतो. अल्क आत झिरपत जातो. जागच्या जागी पापण्या उघडून स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास सोडा. वरची पापणी उचलून खाली अडकलेले कण ओल्या कापडाच्या टोकानं टिपा. तूप, गुलाबपाणी, लिंबू काही घालू नका. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, वाटेतही पाणी चालू ठेवून. चंची मात्र खुंटीवर नको, मूल स्टूल ओढतं. कुलपाच्या कपाटात ठेवा.